देव जागचा हलला नव्हता

दत्तूमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वसतिगृहाच्या कोठीत डाळीची पोती तपासत होते. शिपाई दारात घुटमळला, मग म्हणाला, "बाई, तुमचे मामा वारले म्हंते. तार आली." मी उघडलेलं पोतं शिवून घेतलं, हात धुतले, स्वयंपाकिणीला पुढचं सामान काढून दिलं, किल्ल्या अधीक्षिकाबाईंच्या हातात ठेवल्या आणि दुसरबीडच्या रस्त्यावर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले. चिखली, बुलढाणा, मग घाट उतरून खाली… जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दिवस मावळला. सगळं आटोपलेलं होतं. अंगणात माणसं बसली होती आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. भाची आली आहे, आता हंबरडा फोडेल, असं त्यांना वाटलं असावं. मी चपला काढून सरळ आत गेले. या माणसावर मी कित्येक वर्षं रागावलेली होते. येताना बसमध्ये मी तो राग आहे का ते चाचपून पाहिलं होतं. होता. जसाच्या तसा.

तेरावं झाल्यावर शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. बोलणारे पुष्कळ होते आणि त्या सगळ्यांना मामा देवमाणूस वाटत होते. एकानं त्यांच्या साध्या राहणीचं सांगितलं, एकानं सायकलीचं. मग नगरपालिकेतले एक जुने सभासद उठले आणि टेबलावर हात मारून म्हणाले, "अख्खा माळीपुरा दर पावसाळ्यात पान्यात ऱ्हाये. ओव्हरसियर साहेबानं एका उन्हाळ्यात सारी नाली खोल करून देल्ली! कोनाचा हुकूम नाई, कोनाची वाट पाह्यली नाई!" माना डोलल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ती नाली मुळात चुकली कशी, हे एकानंही विचारलं नाही. मी त्या सभेत बोलले नाही, कारण ते घर नुकतंच सुतकातून उठलं होतं आणि मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नंतर या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं की ओव्हरसियरांच्या भाचीनं चार आठवणी लिहाव्यात. लिहिते. त्या गोड नाहीत. गावाचं नाव घालत नाही. नांदुऱ्याच्या बाजूचं, रेल्वेच्या रुळांजवळचं एक गाव, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं आहे ते ओळखतील.

त्यांचं चांगलं आधी सांगून टाकते, म्हणजे तो भाग मिटेल. मी रोहिणखेडची. वडील भाजीपाला पिकवायचे. मला शाळेत चित्रकला बरी येते एवढ्या आधारावर मामांनी मला खामगावला नकाशे उतरवण्याचं शिक्षण घ्यायला लावलं, आणि ते झाल्यावर स्वतः ओव्हरसियर होते त्याच नगरपालिकेत हंगामी ट्रेसर म्हणून चिकटवलं. त्या कचेरीत मी एकटीच बाई. कोणी तिरकं बोललं की मामा चष्म्यावरून नुसतं पाहायचे आणि ते बोलणं तिथंच थांबायचं. मी त्यांच्याच घरी राहायची. मामी माझ्या डब्यात त्यांच्या डब्यापेक्षा एक भाकर जास्त घालायच्या, तर मामा म्हणायचे, "खाऊ दे तिले. ती रेघ मारते, मी निसता हिंडतो." हे सगळं खरं आहे. हेही खरं आहे म्हणूनच पुढचं गिळता येत नाही.

राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. कचेरीच्या पाटीवर नवी अक्षरं रंगवली होती, पण आतली कागदपत्रं अजून जुन्या राज्याची होती आणि सगळी मापं फुटांत. वरून हुकूम आला की गावच्या पावसाच्या पाण्याच्या नाल्या नव्या पद्धतीनं, मीटरमध्ये आखायच्या. त्यासाठी मुंबईहून छापील तक्ते आले. एका रकान्यात जमिनीची उंची, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात पावसाचं मान… ओळीनं भरत गेलं की शेवटच्या रकान्यात नालीची रुंदी, खोली आणि उतार निघायचा. आत काय चाललंय ते समजायची गरज नव्हती. मामा त्याला पिठाची चक्की म्हणायचे. "वरून टाक, खालून घे," असं म्हणून हसायचे.

आमच्यापुढचं काम असं होतं. गावच्या रस्त्यांचा एक जुना नकाशा होता, चांगला, बारीक मोजलेला. पण माळीपुऱ्याच्या पुढं ओढ्यापर्यंत जी नवी वस्ती झाली होती ती त्यात नव्हती. तो भाग मामांनी स्वतः दुर्बीण लावून मोजला. मग हे दोन्ही भाग एकाच तक्त्यात उतरवायचे, म्हणजे बाजारातलं पाणी माळीपुऱ्यातून नव्या वस्तीत आणि तिथून ओढ्यात जाईल अशी एक सलग नाली निघेल. उतरवायचं काम माझं. फुटांचे मीटर करायचे आणि दोन भागांची सांगड घालायची. सांगड घालायला एक सामाईक जागा लागते, जिची उंची दोन्ही मोजण्यांत एकच धरलेली आहे. आमच्याकडं तशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे बाजारचौकातला दगड.

हा दगड जुन्या मोजणीदारांनी पुरला होता. त्याच्या माथ्याची उंची पक्की धरून सगळं गाव मोजलेलं. सरकारनं पुरलेला, माथ्यावर खूण कोरलेली, कोणी हलवायचा नाही असा दगड… गावानं त्याला शेंदूर लावला. पुढं नारळ फुटायला लागले. मी नोकरीला आले तोवर तो बाजारबाबा झालेला होता, त्याला गुडघ्याएवढा चांगला दगडी ओटा होता आणि चैत्रात त्याची छोटी जत्रा भरायची. मामांची त्याच्यावर फार श्रद्धा. धाकटी मुलगी देवीच्या तापातून उठली ती बाबामुळं, असं ते मानायचे. नव्या वस्तीची मोजणी करताना दगडाच्या माथ्यावर मापाची काठी उभी करायची होती. देवाच्या डोक्यावर काठी कशी ठेवायची? मग मामांनी ती शेजारी ओट्याच्या फरशीवर ठेवली, देवाची उंची वेगळी मोजून त्यात मिळवली, आणि घरी येऊन मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "शेंदराची जाडी वजा केली बरं का! इतक्या वर्साचा शेंदूर हाये. कोन्या इंजनेराच्या ध्यानात आलं असतं का?" मी म्हटलं, नसतं आलं. खरंच कौतुक वाटलं मला.

तक्ते भरून झाले. मी प्रत्येक पान दोनदा तपासलं, मामांनी एकदा, मग तक्ते वरच्या कचेरीत गेले आणि मंजूर होऊन आले. उन्हाळ्यात खोदाई सुरू झाली. बाजाराकडून एक टोळी, ओढ्याकडून दुसरी, आणि दोघींनी माळीपुऱ्याच्या तोंडाशी भेटायचं. ज्या दिवशी भेटल्या त्या दिवशी मुकादम धावत कचेरीत आला आणि म्हणाला, "साहेब, चाला लवकर. गंमत झाली." आम्ही गेलो. बाजाराकडून आलेल्या नालीचा तळ खाली होता आणि पुढं ओढ्याकडं जाणाऱ्या नालीचा तळ वर. मधे पुरी गुडघाभर उंच मातीची भिंत. पाण्याला माळीपुऱ्यात येऊन तिथून पायरी चढायला लागणार होती. बाजूला माळणी डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काऊन वं बाई, पान्याले शिडी लावता काय?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते त्या भिंतीकडं पाहत राहिले, मग खाली उतरले, हातानं तिची उंची आपल्या पायाशी लावून पाहिली आणि वर आले. तेव्हा मला वाटलं, ते माझी चूक शोधताहेत.

चौकशीला जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब आले. तरुण, पुण्याकडचे, स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी माझे तक्ते मागितले. मी ते टेबलावर ओळीनं मांडले आणि सांगितलं, "साहेब, फुटांचे मीटर करताना चूक झाली असती तर जिथं आकडा मोठा तिथं फरक मोठा आला असता. इथं नव्या वस्तीत सगळीकडं सारखाच फरक आहे. ओढ्यापाशीही तेवढाच, माळीपुऱ्यातही तेवढाच." साहेबांनी दोन-चार ठिकाणी हिशेब करून पाहिला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाले, "बरोबर आहे. म्हणजे सुरुवातच वेगळ्या उंचीवरून झाली. एक तर तुम्ही दोन भागांची सांगड चुकीची घातलीत, नाहीतर जुनी मोजणी आणि नवी मोजणी यांच्या मधल्या काळात तो दगड हलला." मग मामांकडं वळून विचारलं, "दगड हलला असेल का हो, ओव्हरसियर?" मामा म्हणाले, "चौकशी करतो साहेब." एवढंच. पुढच्या दिवशी चौकात जाऊन पाहायचं ठरलं.

संध्याकाळी मी घरी आले. मामी परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामी, बाबाचा ओटा कवा बांधला वं?" मामींना त्या गोष्टीचा आनंद होता, अजूनही आहे. त्या म्हणाल्या, "तुह्या शाळेच्या वक्ताले. पोरगी उठली ना तापातून, तवा यायनंच तं पुढाकार घेतला. देव खाली, लोकायचे पाय लागत. मंग सगळ्यायनं मिळून पहारीनं उकरला, बैल लावले अन् वर बसवला. हे सोता सोवळं नेसून ओढत होते." पीठ त्यांच्या हातात तसंच होतं. माझं तोंड पाहून त्या थांबल्या. "काऊन? का झालं?"

मामा परसात दगडावर बसून पाय धूत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"मामा, बाबाचा दगड तुमी उचलला व्हता?"

"कोनं सांगतलं?"

"मामीनं."

आत परात सरकल्याचा आवाज आला. मामांनी तांब्या खाली ठेवला. "उचलला."

"मंग मोजतानी तेवढी उंची धरली का?"

"नाई धरली वं…" त्यांनी हातानं पायावरचं पाणी निपटलं. मग म्हणाले, "देव उचलला तवा तो देव व्हता. मोजाले गेलो तवा दगड व्हता. माह्या डोक्यात दोन येगयेगळे होते, सुमन. दोन्ही एकच हाये हे त्या नाल्या भेटल्या तवा समजलं."

मी या माणसाबद्दल इथं इतकं कडू लिहिते आहे, तरी हे वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे उच्चारलं होतं हे मान्य करते. शेंदराची जाडी वजा करणारा माणूस खालचा अख्खा ओटा विसरला, आणि का विसरला ते त्यांनी मला नीट सांगितलं. तशी चूक माणसाकडून होते. चुकीबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही.

"मंग साहेबाले उद्या सांगा," मी म्हटलं.

"सांगतो."

"माहं नाव खराब होऊन राह्यलं मामा. मी हंगामी हाये. मले काढतीन."

"सांगतो म्हनलं ना. जाय, जेवून घे."

मी जेवले. मामींनी वाढलेलं सगळं जेवले आणि स्वस्थ झोपले. मला त्या झोपेचा फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी चौकात गर्दी होती. साहेब येणार, देवाची मोजणी करणार, असं गावभर झालं होतं. माणसं, बायका, दुकानदार, पालिकेचे अध्यक्ष. मामीही बायकांत उभ्या होत्या. साहेबांनी ओट्याखाली बूट काढले, मलाही ते बरं वाटलं. त्यांनी ओट्याभोवती एक चक्कर मारली आणि मामांना स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ओव्हरसियर, एवढंच सांगा. दगड उचलून ओट्यावर ठेवला आहे, की दगड होता तिथंच आहे आणि ओटा त्याच्या भोवती बांधला आहे?"

मी मामांकडं पाहत होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडं पाहिलं नाही. देवाकडंही पाहिलं नाही.

"देव जागचा हलला नाई साहेब," ते म्हणाले. "ओटा भवताल बांधला."

त्या गर्दीत निम्मी माणसं अशी असतील की ज्यांनी स्वतः पहार धरली होती, बैल हाकले होते, दोर ओढला होता. मी म्हटलं, "साहेब, हे खरं नाही. दगड उचललेला आहे. इथल्या लोकांना विचारा." साहेबांनी लोकांकडं पाहिलं. तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "स्वयंभू हाये बाबा!" लगेच दुसरा, "हाव, स्वयंभू! देवाले कोनी उचलते काय?" मग सगळीकडून तेच सुरू झालं. अध्यक्ष म्हणाले, "पोरगी रोहिणखेडची हाये साहेब, तिले इथलं का मालूम?" मी मामींकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता. मी हाक मारली, "मामी!" त्या बायकांच्या मागं सरकल्या. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाजूनं थोडं खणून पाहिलं तर कळेल." ते पुढच्या रांगेतल्या एका दुकानदारानं ऐकलं आणि तो शांतपणे म्हणाला, "खना ना साहेब. बाबाच्या पायाशी कुदळ लावून पाहाच." ते आमंत्रण नव्हतं. साहेबांनी बूट घातले.

अहवालात लिहिलं गेलं की तक्ते उतरवताना दोन भागांची सांगड चुकीची घातली गेली. साहेबांपुढं दोनच वाटा होत्या, एक तर केस पिकलेला कायम नोकरीतला ओव्हरसियर चुकला, नाहीतर हंगामी पोरगी. त्यांचाही मला राग आहे, पण थोडा. चौकातून घरी जाताना मामा माझ्या बाजूनं सायकल हातात धरून चालत होते. शेवटी ते म्हणाले, "तू लहान हायेस. तुले दुसरी नोकरी भेटीन. मले दुसरं गाव भेटनार नाई." हेही त्यांनी प्रामाणिकपणेच सांगितलं. मी घरात शिरले, माझी ट्रंक भरली, माझे बोरू, दौती, पट्ट्या वेगळ्या बांधल्या, आणि रात्र पडायच्या आत मोताळ्याची बस धरली.

दुसरी नोकरी भेटली नाही. मलकापूर, खामगाव, अकोला, जिथं जिथं अर्ज केला तिथं आधीच्या ठिकाणी विचारणा व्हायची आणि उत्तर यायचं की जागा भरली. नकाशांचं काम सुटलं ते सुटलंच. पुढं लग्न झालं, दुसरबीडला आले, वसतिगृहाची कोठी हातात आली. मी ते काम नीट करते, पोत्यांत उंदीर शिरू देत नाही आणि मुलींच्या ताटात कमी पडू देत नाही. पण मला ते काम हवं होतं असं मी कधी म्हणणार नाही. ट्रेसिंगच्या कापडावर निबातून सारखी जाड रेघ ओढताना जो एक आवाज येतो तो मला हवा होता.

माळीपुऱ्यात त्या पावसाळ्यात पाणी तुंबलं. श्रावणात चार दिवस झड लागली तेव्हा घराघरांतला कांदा सडला, असं मला आईकडून कळलं. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी सगळी नव्या वस्तीची नाली, त्या पायरीपासून ओढ्यापर्यंत, पुन्हा खोल करून घेतली. नवी मोजणी केली नाही. तक्ते मागवले नाहीत. मुकादमाला ओट्याशी नेऊन उभं केलं असेल का, ते मला ठाऊक नाही, पण नाली खोल झाली ती बरोबर ओट्याएवढी. पाणी सरळ वाहून गेलं. लोकांनी त्यांना हार घातला. शोकसभेत त्या सभासदानं टेबलावर हात मारून सांगितलं ते हेच. मामांनी चूक दुरुस्त केली, हे खरं आहे. नालीतली केली. माझ्या नावावरची तशीच ठेवली, कारण ती खोदायला चौकात उभं राहावं लागलं असतं.

आणि हा माणूस पुढं दर भाऊबीजेला माझ्या घरी यायचा! आई शेवटची काही वर्षं माझ्याकडं होती. बहिणीकडं भाऊ येणार, त्याला नाही कसं म्हणायचं? जिल्हा ओलांडून यायचे, ओवाळून घ्यायचे, माझ्या हातचं जेवायचे. "भाजी मस्त झाली वं सुमन," म्हणायचे. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचे. मी वाट पाहायची. पहिल्या वर्षी वाटलं, आज बोलतील. आईसमोर नाही, तर निघताना दारात. ते चपला घालायचे, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि "येतो" म्हणायचे. पुढं मी वाट पाहणं बंद केलं आणि वाढताना बोलणंही. त्यांना त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही. आई म्हणायची, "जाऊ दे, भाऊ हाये माहा." मी म्हणायची, "तुहा हाये. म्हनून तं वाढतो."

सव्वा महिना झाल्यावर मी पुन्हा गेले, कारण मामींचे डोळे दाखवायचे होते. मुली लांब दिल्या आहेत, मुलगा नाही. मी आदल्या संध्याकाळी पोचले, सकाळी दवाखान्यात नंबर लावून आले आणि मामींना घेऊन निघाले. दवाखाना चौकापलीकडं आहे, सरळ गेलं तर जवळ. पण पिंपळाच्या कोपऱ्याशी आल्यावर मामी डावीकडं, मशिदीमागच्या गल्लीत वळल्या. मी म्हटलं, "मामी, इकडून काऊन? डोळ्याले दिसत नाई अन् फेरा कायले घेता?"

त्या थांबल्या. "सवय हाये बाई," म्हणाल्या. "हे कधी चौकातून जातच नोहोते. तवापासून. कचेरी असो, बजार असो, इकडूनच फेरा मारून जायचे. जत्रेलेही गेले नाई. मले म्हनत, बाबाले तोंड कसं दाखवू…? मंग मलेही तेच वळन पडलं."

मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते. मामींना वाटलं असेल की हे ऐकून मी विरघळेन. बारा महिने, उन्हापावसात, सायकल हातात धरून हा माणूस एका दगडाला टाळत फिरला, हे ऐकून कोणालाही वाईट वाटावं. मला दिसलं ते माझं स्वयंपाकघर, त्यात मांडलेला पाट, आणि पाटावर बसून पुन्हा भाजी मागणारे मामा. देवाला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती. मला दाखवायची वाटली नाही.

"तुमी या इकडून," मी मामींना म्हटलं. "मी सरळ जातो. दवाखान्याच्या दारात भेटू."

चौकात सकाळची वर्दळ नव्हती. ओट्यावर एक बाई बाबाला पाणी घालून नवा शेंदूर चढवत होती, माझ्याच वयाची असेल. तिनं मला ओळखलं. "ओव्हरसियरची भाची ना वं तू? त्या टायमाले साहेबासंगं भांडली होतीस ती?"

"हो. मीच ती." आणि मग, इतक्या वर्षांनी, मी ओट्याखालच्या जमिनीकडं बोट दाखवून सांगितलं, "हा दगड इथं खाली होता. उचलून वर ठेवलाय."

तिनं शेंदराचं बोट देवाच्या कपाळावरून फिरवलं आणि ओट्याच्या कडेला पुसलं.

"मंग?" ती म्हणाली. "माह्या सासऱ्याचेच बैल होते."